व्यालेली गाय उठत का नाही?

गाय सुखरूप व्याली. चीक भरपूर निघाला. घरात सगळ्यांना आनंद झाला. पण दुसऱ्या दिवशी गोठ्यात पाहावे तो गाय बसलेली, मान पोटाकडे वळवलेली, कान गार पडलेले. हाका मारा, चुचकारा, ती उठत नाही. हा दुग्धज्वर. नाव ज्वराचे, पण अंगात ताप नसतो. मग कालपर्यंत चालतीफिरती गाय आज अशी का बसली?

त्यासाठी स्नायू कसा आखडतो ते पाहू. स्नायूत प्रथिनांचे दोन तऱ्हेचे तंतू असतात. जाड तंतू मायोसिनचे, बारीक तंतू ॲक्टिनचे. घराला खण असावेत तसे त्यांचे खण एकापुढे एक असतात. एका मिलिमीटरात सुमारे ४०० खण मावतात!

१९५४ साली शास्त्रज्ञांच्या दोन जोड्यांनी एकाच वेळी एक गोष्ट दाखवून दिली. एका जोडीत अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के होते, दुसरीत ह्यू हक्सली व जीन हॅन्सन. स्नायू आखडतो तेव्हा तंतू आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात, असे त्यांना आढळले.

विहिरीतून पोहरा ओढताना आपण काय करतो? दोर धरतो, ओढतो, सोडतो, पुन्हा पुढे धरतो. दोर तेवढाच राहतो, पोहरा मात्र वर येतो. मायोसिनची बारीक डोकी ॲक्टिनला अशीच धरून ओढतात. धरलेले सोडायला एटीपी नावाचे इंधन लागते. जनावर मेल्यावर हे इंधन संपते, पकड सुटत नाही, म्हणून काही तासांत त्याचे अंग ताठ होते.

पण ॲक्टिनवर दुसऱ्या प्रथिनांचा पहारा असतो. मज्जातंतूचा निरोप आला की स्नायूच्या आत कॅल्शियम सुटते, पहारा बाजूला होतो आणि ओढ सुरू होते. निरोप मज्जातंतूकडून स्नायूपर्यंत पोचायलाही कॅल्शियमच लागते.

आता गाईकडे वळू. व्याल्यावर चिकातून व दुधातून कॅल्शियम झपाट्याने बाहेर जाते. हाडांतून व चाऱ्यातून तितक्या लवकर भरपाई झाली नाही, तर रक्तातले कॅल्शियम घटते. मग निरोप नीट पोचत नाही आणि पाय साथ देत नाहीत. पोटाची हालचालही मंदावते. भरपूर दूध देणाऱ्या, तिसऱ्या वेतापुढच्या गाईंना हा धोका अधिक.

अशा वेळी गाईला मारझोड करू नका. तिची ताकद हट्टाने गेलेली नाही. ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवा. ते शिरेतून कॅल्शियम देतात, तेही सावकाश, हृदयाकडे लक्ष ठेवून. कारण हृदयही स्नायूच आहे. हे काम घरी करू नये. डॉक्टर येईपर्यंत गाय आडवी पडू देऊ नका, पेंढ्याच्या पोत्यांचा आधार देऊन छातीवर बसती ठेवा. तोंडातून काढा किंवा औषध ओतू नका. गिळण्याचे स्नायूही दुबळे झालेले असतात, त्यामुळे ते फुप्फुसात जाण्याची भीती असते.

वेळेवर इलाज झाला तर बसलेली गाय बहुधा काही तासांत उभी राहते. उशीर झाला तर मात्र ती दगावू शकते. म्हणून व्याल्यानंतरचे तीन दिवस गोठ्यात रात्रीही एक फेरी मारावी.