ऊस पिकला की नाही, हे कोणता ऊस सांगणार?



कापसाची गाडी बाजारात उभी केली की व्यापारी वरचा कापूस पाहत बसत नाही. कोपरापर्यंत हात घालून मधला ओढतो. आपल्याला राग येतो, पण त्याचं चुकत नाही. ऊसतोडीआधी ब्रिक्स पाहायला शेतकी मदतनीस आला की आपण मात्र धुऱ्याकाठचा जाडजूड ऊस मोडून देतो, आणि रस बुडाकडचा काढायला लावतो. हेतू एकच, तोड लवकर मिळावी.

उसात साखर बुडाकडून वर भरत जाते. बुडाला ब्रिक्स 20 आणि शेंड्याला 15 निघाला, तर शेंड्याला बुडाने भागून 0.75 येतात, तो ऊस कच्चा. हा आकडा 0.95 च्या पुढे गेला की ऊस पक्व समजावा. नुसतं बूड तपासलं तर कच्चा आणि पक्का सारखेच दिसतात.

पूस-पैनगंगेच्या काठी एकाच वावरात खाली भारी काळी आणि वर बरड जमीन असते. दोन्हींचा नमुना वेगळा घ्यावा. लागण आणि खोडवाही एकत्र करू नये. धुऱ्यापासून चार-पाच सऱ्या सोडून आत शिरा, नागमोडी चाला, एकरात निदान पाच जागा घ्या. किती पावलांवर थांबायचं आणि कितवा ऊस घ्यायचा, हे बांधावरच ठरवा. आत गेल्यावर डोळे चांगलाच ऊस शोधतात. ठरल्या जागी बारीक किंवा किडका ऊस आला तर तोच घ्यायचा, कारण गाडीत तोही जाणारच आहे. नुकतंच पाणी दिलं असेल तर काही दिवस थांबा, नाहीतर ब्रिक्स कमी दिसतो.

आता पैशाचं. 2025-26 च्या हंगामाला केंद्राने 10.25 टक्के उताऱ्यास क्विंटलला 355 रुपये भाव ठरवला; पुढच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये, म्हणजे टनामागे 34 रुपये 60 पैसे जास्त. हा उतारा एकट्याच्या शेताचा नव्हे, सगळ्या कारखान्याचा. धुऱ्याचा ऊस दाखवून कच्चं शेत आधी तोडलं, तर त्याची तूट शेजाऱ्याच्याही बिलात पडते, आणि शेजाऱ्याचा पिकलेला ऊस उभा वाळत राहतो तो वेगळाच.

नमुन्याचा रस तिथेच, त्याच दिवशी काढा. ऊस घरी ठेवला की पाणी उडून ब्रिक्स फुगलेला दिसतो, आतली साखर मात्र घटत असते.