शूटिंग बघितलंय, पण सिनेमा?

भोरच्या राजवाड्यात शूटिंग लागलं की गावभर बातमी व्हायला दहा मिनिटं पुरतात. तुम्ही भोरचे असाल तर गेटबाहेरच्या गर्दीत एकदा तरी उभे राहिला असालच. मीपण होते, सातवीत असताना. दोन तास उन्हात उभं राहून काय दिसलं? एक माणूस घोड्यावरून येतो, कुणीतरी ‘कट’ ओरडतं, घोडा परत मागे. अकरा वेळा! हिरॉईन दिसलीच नाही.

घोडा मागे का नेत होते, हे कळलं थेट डिग्रीला, सिनेमाच्या पेपरमध्ये. मधेच ढग येत होते. एका शॉटमध्ये ऊन आणि पुढच्यात सावली असेल, तर पडद्यावर घोडा दारातून आत येईपर्यंत दिवसच बदलला असं वाटतं.

हा पेपर घ्यायचा म्हटलं की घरून पहिला प्रश्न ठरलेला. वेल्ह्याच्या (कागदोपत्री आता राजगड तालुका) माझ्या मैत्रिणीचे पप्पा म्हणाले, ‘‘पिक्चर बघायला फी भरायची?’’

त्यांना सांगायला हवं होतं, की हा वाद पुण्यात कधीच मिटलाय. लॉ कॉलेज रोडवर ‘प्रभात’चा स्टुडिओ होता, तिथेच १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. सतीश बहादूर ‘पथेर पांचाली’ एकेक शॉट थांबवून शिकवायचे. कॅमेरा कसा धरायचा हे नाही, बघायचं कसं हे. आणि गंमत म्हणजे, हे सर मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक!

आर्ट्सच्या डिग्रीत नेमकं हेच करायचं असतं. ‘फँड्री’ तुम्ही पाहिलाच असेल. जब्याच्या घरचे मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेतात, तेव्हा मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र असतं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला भिंत दिसलीच नव्हती, फक्त डुक्कर दिसलं. ती भिंत त्या फ्रेममध्ये का, यावर आमच्या वर्गात अख्खा तास भांडण झालं. कवितेवर कधी इतकं भांडलो नव्हतो.

फक्त ‘सोप्पे क्रेडिट’ म्हणून जाऊ नका. तोच सिनेमा तिसऱ्यांदा बघून आठ पानं लिहायची वेळ आली की झोप उडते. आणि फॉर्म भरण्याआधी विचारा, शिकवणार कोण? काही ठिकाणी विषय यादीत असतो, शिकवायला माणूस नसतो. शिवाय स्क्रीनिंग संध्याकाळी. तोवर वेल्ह्याची शेवटची एसटी निघून गेलेली. होस्टेल परवडणारं असेल तर ठीक, नाहीतर हा विषय पुण्यातल्याच पोरांचा होऊन बसतो. याचा विचार कॉलेजं करत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. दुपारी दाखवा की सिनेमा!

मैत्रिणीने शेवटी अर्थशास्त्र घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या घरी मोबाइल डब्याला टेकवून आम्ही ‘फँड्री’ लावला. पप्पा येता-जाता बघत होते, मग बसलेच. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ आपल्याकडे आला आणि सिनेमा संपला. थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

मग पप्पा म्हणाले, ‘‘मागं घे जरा. दगड नक्की कुणाला मारला त्यानं?’’