वळीव पडला? मग बाभळीखाली जाऊन बघा!

शेतकरी बंधूंनो, दिवेलागणीला गावाबाहेर एक फेरफटका बहुतेकांचा असतोच. पांदीनं ओढ्यापर्यंत जायचं, येताना पारावर टेकायचं. जाता-येता झाडांकडंही जरा बघत चला. चैत्राची पालवी, बहाव्याचा पिवळा फुलोरा, पावश्याची ओरड, मग वळवाचा पहिला सडाका. आपल्या वाडवडिलांना हा क्रम तोंडपाठ होता.

पण नुसत्या पंचांगावर आता भागत नाही. मृग लागतो ७-८ जूनला. २०२५ साली मॉन्सून २४ मे रोजीच केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. अनेकांच्या मशागती अर्ध्यावर राहिल्या. माणूस तारीख बघत बसतो. किडा मात्र जमीन भिजली की बाहेर पडतो.

आम्ही सांगतोय ते हुमणीबद्दल. पहिला दमदार वळीव झाला की जमिनीतले तपकिरी भुंगेरे अंधार पडता पडता बाहेर येतात आणि बाभूळ, कडुनिंब, बोर अशा झाडांवर बसून पाला खातात. नर-मादीचं मीलन तिथंच होतं. पहाटेपूर्वी ते परत जमिनीत शिरतात. म्हणूनच दिवसा शिवारात फिरणाऱ्याला काही दिसत नाही. पानं कुरतडलेली दिसली तर समजा, पाहुणे येऊन गेले.

मादी मातीत अंडी घालते. त्यातून निघालेल्या अळ्या पावसाळाभर उसाची, भुईमुगाची मुळं खातात. ऑगस्ट-सप्टेंबरात ऊस पिवळा पडतो, बेट हातानं ओढलं तरी उपटून येतं. तेव्हा औषधावर खर्च करूनही गेलेला ऊस परत येत नाही. या किडीची वर्षाला एकच पिढी होते. म्हणजे आज मारलेली एक मादी ही पुढची सगळी पिलावळ मारल्यासारखीच.

उपाय साधा आहे. रात्री सात-आठनंतर आकडीनं फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. विहिरीवरच्या बल्बखाली पाण्याचं घमेलं ठेवलं तरी बरेच सापडतात. मात्र नदीकाठच्या हुमणीचे भुंगेरे असे झाडावर जमत नाहीत. पंचगंगा-वारणाकाठच्या मंडळींनी झाडांवर न विसंबता कृषी खात्याचा सल्ला घ्यावा.

आणि सरपंचसाहेब, हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. एकानं भुंगेरे मारले नि शेजाऱ्यानं सोडले, तर ते बांध ओलांडून येणारच. वळीव झाला त्याच संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या लाउडस्पीकरवरून पुकारा द्या. एक वही ठेवा: पहिला वळीव कधी, पहिला भुंगेरा कधी, कोणत्या झाडावर. चार वर्षांच्या नोंदी झाल्या की आपल्या गावाचं स्वतःचं पंचांग तयार होईल.

तेव्हा मंडळी, वळवानंतर फिरायला निघाल तेव्हा हातात बॅटरी असू द्या. आणि नजर वर, फांदीकडं!