काडेपेटीतली भुकटी
(पदार्थाच्या पोटात : भाग ९)

बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक सुतळीला बांधायचं आणि पूर्णेच्या वाळूतून ओढत न्यायचं, हा आमचा उन्हाळ्याच्या सुट्टीतला उद्योग. वर काढलं की त्याला काळी दाढी फुटलेली असायची. ती खरवडून आम्ही काडेपेटीत भरायचो. रेल्वे जंक्शनात रुळांलगत सापडणारी भुकटीही त्याच काडेपेटीत जायची. आमच्या लेखी सगळंच ‘लोखंड’. वाळूतले ते कण खरं तर मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या एका ऑक्साइडचे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिजून नदीत आलेले.

या मॅग्नेटाइटचा थर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा केला तर तो कसा वागेल? असल्या प्रश्नांवर डॉ. सतीशचंद्र ओगले यांनी बरीच वर्षं घालवली. पुणे विद्यापीठ, मग अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ, पुन्हा पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर, असा त्यांचा प्रवास. मॅग्नेटाइटच्या थरांवरचं त्यांचं काम १९९८च्या सुमाराचं, मेरीलँडमधलं.

थर पाडायची रीत बघण्यासारखी आहे. निर्वात पात्रात ऑक्साइडची दाबून भाजलेली टिकली ठेवतात आणि तिच्यावर अतिनील लेसरचे झटके मारतात. एक झटका सेकंदाच्या सुमारे पाच कोटीव्या भागाएवढा. दर झटक्याला टिकलीतून एक झगझगीत तुरा उसळतो आणि समोर तापवून ठेवलेल्या स्फटिकाच्या चकतीवर अणू जाऊन बसतात. चकती नीट निवडली तर खालच्या अणूंची रांग पाहून वरचे अणूही रांगेत बसतात, पंगतीत पाट मांडलेले असावेत तसे.

२००३ साली ओगले आणि सहकाऱ्यांनी कथिलाच्या ऑक्साइडचे असे थर पाडले. हा पदार्थ पारदर्शक, चुंबकाला दाद न देणारा. त्यात शंभरातल्या ५ कथिल अणूंच्या जागी कोबाल्ट घातला, तर थर खोलीच्या तापमानालाच काय, जवळपास ६५० केल्विनपर्यंत चुंबक राहिला! शिवाय दर कोबाल्ट अणूमागे ७.५ बोर मॅग्नेटॉन (अणूचं चुंबकत्व मोजायचं एकक) एवढं चुंबकत्व. शुद्ध कोबाल्ट धातूत ते १.७च्या आसपास असतं.

इथे जरा हिशेब मांडू. पाच मिलिमीटर चौरस चकतीवरचा शंभर नॅनोमीटरचा असा थर भरतो जेमतेम सतरा मायक्रोग्रॅम. त्याचं सगळं चुंबकत्व एका मायक्रोग्रॅम लोखंडाइतकं. म्हणजे डोळ्याला सहज न दिसणारा लोखंडाचा कण चकतीच्या कडेला चिकटला, तरी चुंबकत्व मोजणारं यंत्र तेवढाच आकडा दाखवणार. ही नुसती धास्ती नव्हे. २००५ साली आयबीएमच्या संशोधकांनी हाफ्नियम ऑक्साइडचे थर तपासले. त्या पदार्थात आधी चुंबकत्व सापडल्याचं जाहीर झालं होतं. यांना ते सापडलं नाही. पण चकती स्टेनलेस स्टीलच्या चिमट्यानं धरली की मात्र तसलाच संकेत मिळू लागला.

चिमटा बदलता येतो. आतली गाठ वाईट. कोबाल्ट थरात विरघळलाच नाही, त्याच्या बारीक गुठळ्या झाल्या, तर चुंबक असतात त्या गुठळ्या. श्रेय मात्र थराला मिळतं. यावर एक कसोटी मानली जायची. थरातून वीज सोडली आणि त्याच्या चुंबकत्वामुळे आडवा विद्युतदाब उठला, म्हणजे असाधारण हॉल परिणाम दिसला, की चुंबकत्व अस्सल. २००४ साली एस. आर. शिंदे, ओगले आणि मंडळींनी टायटॅनियम ऑक्साइडच्या थरात कोबाल्टच्या गुठळ्या दाखवल्या आणि त्याच थरात तो परिणामही मोजून दाखवला. कसोटीच गेली. अशा थरांत अस्सल चुंबकत्व शोधणाऱ्या गटानंच तिचा भरवसा घालवला, म्हणून ७.५च्या आकड्यापेक्षा मला हा शोधनिबंध मोठा वाटतो. २०१०मध्ये ओगले यांनी या साऱ्या क्षेत्राचा आढावा घेतला, त्यात भेसळीच्या अणूंइतकंच लक्ष स्फटिकातल्या अणूंच्या जाळीतल्या दोषांकडे, ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांसारख्या गोष्टींकडे होतं. त्या रिकाम्या जागा पुढच्या आठवड्यात.

काडेपेटीतल्या भुकटीत नदीची किती आणि गाड्यांच्या ब्रेकच्या ठोकळ्यांची झीज किती, हे आम्ही कधी बघितलं नाही. दोन्ही चुंबकाला सारखीच चिकटायची.