एका नळीची मुदत

मूत्रपिंडातली लघवी मूत्राशयात आणून सोडणारी मूत्रवाहिनी जेमतेम २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि पेन्सिलीहून बारीक. गर्भाशयाच्या मुख्य धमनीला अगदी खेटून, तिच्या खालून ती जाते. म्हणूनच गर्भाशय काढताना निष्णात हातांकडूनही क्वचित तिला इजा होते. कधी ती टाक्यात सापडते, कधी रक्त थांबवताना भाजते.

पूर्वी याची किंमत जबर होती. १८६९ साली जर्मनीत हायडेलबर्गला गुस्ताव सिमोन या शल्यविशारदाने एका बाईची अख्खी किडनी काढली. आधीच्या शस्त्रक्रियेत मूत्रवाहिनी दुखावून तिची लघवी सतत गळत होती. बाई वाचली, शस्त्रक्रिया इतिहासात गेली. पण दुखणे नळीचे आणि गेली किडनी!

आमच्या वहिनींना ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी कपडे ओले जाणवू लागले. ‘बायकांचं असंच असतं,’ म्हणत त्यांनी आठवडा ढकलला. कादंबऱ्यांतून मी बायकांची मौने पुष्कळ लिहिली. हे मौन मात्र किडनीवर बेतणारे होते. कुशीत कळ आणि ताप आला, तेव्हा कुठे त्या बोलल्या.

युरॉलॉजिस्टांनी लघवीच्या मार्गानेच दुर्बीण घातली. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत बारीक तार जखमेपलीकडे नेली आणि तारेवरून स्टेंट सरकवला. १९७८ मध्ये पुढे आलेल्या या ‘डबल जे’ नळीची दोन्ही टोके वळलेली असतात. एक किडनीत अडकते, दुसरे मूत्राशयात. लघवीला वाट मिळते आणि जखम नळीभोवती भरून येते. पोटावर नवा टाका नाही. तार पलीकडे गेलीच नाही किंवा मूत्रवाहिनी पुरती तुटलेली असली, तर मात्र मोठी शस्त्रक्रिया टळत नाही.

खरा धोका बरे वाटल्यावर सुरू होतो. वहिनींचा स्टेंट सहा आठवड्यांनी काढायचा होता. तो विसरला, तर त्यावर क्षार साचून खडे होतात, वाट तुंबते आणि वाचवलेली किडनी पुन्हा संकटात येते. मुदत ठेवीची तारीख ग्राहक विसरला, तरी आम्ही बँकवाले विसरत नसू. आमची नोंदवही असे. पोटातल्या नळीची नोंदवही घरानेच ठेवायची. आम्ही कालनिर्णयावर लाल खूण केली. स्टेंट वेळेवर निघाला. नंतर सोनोग्राफीही केली, कारण मूत्रवाहिनी पुढे गुपचूप आकसू शकते.

तेव्हा ऑपरेशननंतर घरातली बाई ‘काही नाही’ म्हणाली, तरी पुन्हा एकदा विचारा. आणि स्टेंट घातला असेल, तर काढण्याची तारीख आजच लिहून ठेवा.