सिकलसेलच्या रुग्णाला दिव्यांग दाखला कसा मिळतो?



थंडी पडू लागली की एटापल्लीकडच्या गावांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. लेकराचे हातपाय ठणकतात, रात्रभर झोप नाही. घरचे वात समजून शेकतात, पुजाऱ्याकडे नेतात. रक्त तपासले की पुष्कळदा सिकलसेल निघतो. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हा आजार जन्मभराचा आहे.

दिव्यांग म्हणजे लंगडा किंवा आंधळा, असे आपल्यालाही वाटते. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत व त्यांत सिकलसेल आहे. मात्र अहवालात ‘एसएस’ असावे लागते. ‘एएस’ म्हणजे केवळ वाहक. त्याला दाखला मिळत नाही. हा फरक आधी समजावून सांगावा, नाहीतर माणूस उगाच मजुरी बुडवून हेलपाटे घालतो.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरतात. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा व तपासणीचे कागद लागतात. मग डॉक्टरांपुढे हजर व्हावे लागते. त्यासाठी गडचिरोलीला जायचे तर सव्वाशे किलोमीटरहून अधिक प्रवास. म्हणून तालुक्याला शिबिर आहे का, हे ग्रामीण रुग्णालयात आधी विचारावे.

खरी अडचण कागदांची. तपासणीच्या दिवशी मूल बहुधा बरे असते, चालत आत जाते. ते किती वेळा दुखण्याने भरती झाले, किती वेळा रक्त चढवले, हे कागदच सांगतात. आणि ते कागद पावसात भिजलेले, चुलीजवळ खोचलेले, नाहीतर हरवलेले! डिस्चार्जचा प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायला सांगा. आश्रमशाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरे असेल, तर ते अर्जाआधीच दुरुस्त करून घ्या. आमचा सर्वाधिक वेळ यातच जातो.

टक्केवारी 40 किंवा त्याहून जास्त आली, तर संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. उत्पन्नाचा व रहिवासी दाखला जोडावा लागतो. ही मदत 2023 मध्ये दरमहा 1,500 रुपये झाली; दिव्यांगांसाठी ती ऑक्टोबर 2025 पासून 2,500 आहे. टक्केवारी कमी लावली असे वाटल्यास कायद्यात अपिलाची सोय आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत सिकलसेलच्या विद्यार्थ्याला तासामागे 20 मिनिटे जादा मिळतात. त्यासाठी मुख्याध्यापकांना परीक्षेच्या बरेच आधी भेटावे.

आपल्यापैकी अनेक जण विचारतात, काय पाठवू? पैसे लागतातच. पण माडिया बोलणाऱ्या आईला मराठी अर्ज वाचता येत नाही आणि खिडकीपुढे ती गप्प राहते. तिच्यासोबत दिवसभर रांगेत बसणारे माणूस आम्हाला अधिक हवे आहे. महिन्यातून एक दिवस देऊ शकणाऱ्यांनी अवश्य कळवावे.