सर्व्हरचे घड्याळ : टायमरच्या चुका कशा टाळाव्यात?



दापोडी स्टेशनला जायला निघताना आपण दोन प्रश्न विचारतो : "लोकल किती वाजता आहे?" आणि "स्टेशनला पोचायला किती मिनिटं लागतील?" पहिल्यासाठी भिंतीवरचे घड्याळ लागते, दुसऱ्यासाठी स्टॉपवॉच. सर्व्हरमध्येही अशी दोन घड्याळे असतात. त्यांची गल्लत झाली की चुका सुरू होतात.

१) कालावधी स्टॉपवॉचने मोजा. सर्व्हर आपले घड्याळ नेटवर्कवरून अधूनमधून जुळवून घेतो. समजा, काम १ सेकंद चालले, पण तेवढ्यात घड्याळ २ सेकंद मागे आले. मग हिशेब निघतो उणे १ सेकंद! म्हणून "किती वेळ गेला" यासाठी कधीही मागे न येणारे मोनोटोनिक घड्याळ वापरा.

हे नुसते पुस्तकी नाही बरं का. १ जुलै २०१२ रोजी आपल्याकडे पहाटेचे ५:३० वाजण्याच्या क्षणी जगाच्या वेळेत एक जादा सेकंद, म्हणजे लीप सेकंद, घातला गेला. लिनक्समध्ये भिंतीवरचे घड्याळ आणि टायमरचा आतला हिशेब यांत एका सेकंदाची तफावत राहिली. त्यामुळे एका सेकंदाहून छोटे टायमर लावताक्षणी वाजू लागले. प्रोग्राम झोपायला जायचा आणि लगेच उठायचा. प्रोसेसर विनाकारण राबू लागले आणि रेडिटसारख्या साइट कोलमडल्या.

२) तारीख ठरवताना भारतीय वेळ घ्या. बरेच सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतात. आपण तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे. म्हणजे क्रॉनमध्ये सकाळी ९:३० ला लावलेले काम आपल्याकडे दुपारी ३ ला होते. सर्व्हरची तारीखही आपल्या पहाटे ५:३० ला बदलते. आता कारखान्याचा विचार करा. पहिल्या पाळीचा कामगार १ तारखेला ५:२० ला गेटवर पंच करतो. सर्व्हर ती हजेरी मागच्या महिन्यात टाकतो आणि १ तारखेला खाडा लागतो! चूक प्रोग्रामची, पगार कापला जातो कामगाराचा. उपाय सोपा आहे : वेळ यूटीसीत साठवा, पण हजेरीची तारीख भारतीय वेळेत बदलून मगच ठरवा.

३) एकच काम दोनदा चालू देऊ नका. दर ५ मिनिटांनी सुरू होणारे काम कधी ७ मिनिटे चालले, तर पहिले संपायच्या आत दुसरे सुरू होते. म्हणून सुरुवातीलाच कुलूप लावा. कुलूप लागलेले दिसले की नव्याने गुपचूप परत फिरावे. पण प्रोग्राम मधेच बंद पडला तर कुलूप तसेच अडकून राहते, म्हणून त्याला मुदत ठेवा.

४) पुन्हा चालले तरी नुकसान नको. पगार जमा करण्याचे काम अर्ध्यावर थांबले आणि परत चालवले, तर काहींना दोनदा पैसे जातील. प्रत्येक जमेला खूण द्या : "ऑक्टोबर, कामगार क्रमांक ४१२". खूण आधीच नोंदलेली असेल तर ती जमा वगळा.

करून पाहा : जुन्या ३२ बिटांच्या मोजणीत १ जानेवारी १९७० (यूटीसी) पासूनचे जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ सेकंद मावतात. ते कधी संपतील? उत्तर : १९ जानेवारी २०३८, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद. वहीत गणित मांडून ताळा करा. तोवर तुमच्यापैकी कितीतरी जण अशाच एखाद्या सर्व्हरवर काम करत असतील!